उन्हाळ्याचा अंदाज कसा वाचावा : कडक ऊन, वळीव आणि आपला ऊस
— ऊस विकास अधिकारी



होळी झाली की गट कार्यालयात येणारे सभासद हमखास विचारतात, "साहेब, औंदा उन्हाया कसा राही?" प्रश्न साधा आहे, पण एका वाक्यात उत्तर देता येत नाही. "ऊन जास्त आहे" एवढे सांगून काही उपयोग नाही. ऊन किती, कधी, कोणत्या गावाला, आणि त्यात आपण पाण्याची पाळी, तोडणी, गुरे व मजूर यांचे काय करायचे, हे कळले तरच अंदाजाचा फायदा. म्हणून या अंकात हवामान खात्याचा अंदाज वाचायचा कसा, हा धडा घेऊ. गुणाकार-भागाकार थोडा येईल, पण आपल्या शेताचाच आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. हे खाते उन्हाळ्याचा पहिला मोठा अंदाज मार्चअखेर किंवा एक एप्रिलच्या सुमारास देते. त्यात एप्रिल ते जून या तीन महिन्यांत कमाल व किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी, आणि उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा वाढतील का, हे सांगितलेले असते. त्यानंतर दर महिन्याच्या अखेरीस पुढच्या महिन्याचा अंदाज निघतो. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा, रोज पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार इशारा, आणि ढग जमले की पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज. मंगळवारी व शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला येतो तो वेगळाच.

आता गंमत अशी की आपण वर्तमानपत्रात मार्चअखेरचा पहिला अंदाज वाचतो, त्यावर पारावर चार दिवस बोलतो, आणि पुढचे वाचत नाही. खरे तर उलटे पाहिजे. तीन महिन्यांचा अंदाज हा सगळ्या देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो, आणि तो शक्यतेच्या भाषेत असतो. लांबचा अंदाज वर्षाचे नियोजन करायला, आणि जवळचा अंदाज उद्याचे काम ठरवायला.

दोन ताजी उदाहरणे देतो. २०२४ च्या एप्रिलच्या पहिल्या दिवशी हवामान खात्याने सांगितले होते की देशाच्या बऱ्याच भागांत उष्णतेच्या लाटेचे नेहमीचे ४ ते ८ दिवस असतात, ते त्या हंगामात १० ते २० पर्यंत जातील. तो उन्हाळा तसाच गेला, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत देशातले सर्वांत उष्ण वर्ष म्हणून २०२४ ची नोंद झाली. दुसरे उदाहरण २०२५ चे. मार्चअखेरचा अंदाज कडक उन्हाळ्याचाच होता. पण एप्रिलअखेर जो मे महिन्याचा अंदाज आला, त्यात देशात पाऊस सरासरीपेक्षा जास्त राहील असे लिहिलेले होते. तो मे महिना १९०१ पासूनचा देशातला सर्वांत जास्त पावसाचा मे ठरला. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदीत कधी आला नव्हता. ज्यांनी फक्त पहिला अंदाज लक्षात ठेवला, त्यांचा कांदा वावरात भिजला. ज्यांनी दुसरा वाचला, त्यांनी चाळीत भरला. अंदाज चुकला असे म्हणणे सोपे आहे, पण दुसरा अंदाज वेळेवर आलेला होता.

"लाट नाही" म्हणजे ऊन नाही असे नव्हे

आता मुख्य मुद्दा. रेडिओवर ऐकू येते की खान्देशात आज उष्णतेची लाट नाही, आणि बाहेर तर पायाखालची माती भाजते. मग लोक म्हणतात, हवामान खात्याला काय कळते. यात खात्याची चूक नाही, आपल्याला व्याख्या माहीत नाही.

सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस झाले असेल, आणि ते त्या दिवसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल, तर त्याला उष्णतेची लाट म्हणतात. ६.४ अंशांपेक्षाही जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा मग फरक न पाहता पारा सरळ ४५ ला पोचला तर लाट आणि ४७ ला पोचला तर तीव्र लाट. तेही एका ठिकाणी, एका दिवशी नव्हे. एका हवामान विभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस असे झाले की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे मध्य महाराष्ट्र या विभागात मोडतात, हेही ध्यानात असू द्या. बातमीत "मध्य महाराष्ट्र" म्हटले की ती बातमी आपली आहे.

आता हिशेब करा. मे महिन्यात आपल्याकडे नेहमीचेच कमाल तापमान ४१ च्या घरात धरले, तर त्यात ४.५ मिळवून ४५.५ होतात. म्हणजे पारा ४४ वर गेला तरी नियमाप्रमाणे लाट नाही! ज्या ४४ अंशांत माणूस वावरात उभा राहू शकत नाही, ते आपल्या जिल्ह्याला "नेहमीपेक्षा थोडे जास्त" एवढेच. याउलट मार्चमध्ये नेहमीचे तापमान ३६ धरले तर ४०.५ लाच लाट होते. म्हणून सभासदांनी "लाट आहे की नाही" यावर काम ठरवू नये. पाच दिवसांच्या अंदाजातला आकडा पाहावा. माझ्या मते आपल्या भागात कामाच्या दृष्टीने ४१ च्या वर गेले की दुपार बंद करायची, लाट जाहीर होवो की न होवो.

आणखी एक. हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, सावलीत असतो. तेव्हा बातमीतले ४३ हे सावलीतल्या हवेचे तापमान. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याच वेळी त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. सरीत वाकून खुरपणी करणाऱ्या बाईला वरून ऊन आणि खालून जमिनीची धग असे दोन्ही बसते. गाडीतल्या काट्यावरचा किंवा पत्र्याच्या शेडमधल्या तापमापकाचा आकडा सांगून "आमच्याकडे ५० झाले" म्हणणे बरोबर नाही. देशातला सर्वांत मोठा अधिकृत आकडा राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदला गेलेला ५१ अंशांचा आहे.

इशाऱ्याचे रंगही समजून घ्या. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. पिवळ्याला आपण हसतो, ते सोडून द्यावे.

माठाचा धडा

उन्हाने माणूस का मरतो हे समजायला पुस्तक नको, घरातला माठ पुरे. माठातले पाणी पाझरते, बाहेर येऊन हवेत उडून जाते, आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. आपले शरीरही तेच करते. घाम वाळतो म्हणून रक्त ३७ अंशांच्या आसपास राहते. पारा ४३ वर असताना बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम असते. त्या वेळी अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम वाळण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

आपल्याकडची एप्रिलची हवा कोरडी. घाम येतो तसा वाळतो, सदरा ओला दिसत नाही, म्हणून माणसाला वाटते आपल्याला घाम येतच नाही. प्रत्यक्षात तासाला लिटरभर पाणी निघून जाऊ शकते. तहान लागते तोवर उशीर झालेला असतो. म्हणून कष्टाचे काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. नुसतेच पाणी नको. ताक, कैरीचे पन्हे, भाकरीबरोबर मीठ हे आपल्या वाडवडिलांनी लावून दिलेले आहेच. दवाखान्यातली जलसंजीवनी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर उत्पादकांच्या घरी साखर कमी पडायला नको.

आता मे महिन्याच्या उत्तरार्धातली हवा बघा. ढग येतात, दमट होते, पारा दोन-तीन अंशांनी उतरतो आणि आपण म्हणतो बरे झाले. पण घरातला माठ पाहा, त्या दिवशी पाणी गार होत नाही. हवेतच ओलावा असल्यामुळे पाणी उडत नाही. ज्या दिवशी माठ गार होत नाही, त्या दिवशी तुमचे अंगही गार होत नाही, हे ओळखा. ३८ अंशांचा दमट दिवस ४२ च्या कोरड्या दिवसाइतकाच, कधी त्याहून वाईट असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला मोकळ्या मैदानावर दुपारी मोठा सोहळा झाला. तिकडचा पारा चाळीसलाही पोचला नव्हता, तो ३८ च्या घरात होता. तरीही उष्माघाताने चौदा माणसे गेली. समुद्राजवळची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन् तास बसून राहणे, एवढेच कारण पुरले. लग्नसराईत आपणही मांडवाबाहेर वऱ्हाड उभे करतो, त्यात म्हातारी माणसे असतात. मुहूर्त दुपारचा असेल तर निदान पाण्याची आणि सावलीची सोय वधूपित्याने नव्हे, सगळ्या गावाने पाहावी.

अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून धोका सर्वांत जास्त कोणाला, तर पहिल्या चार दिवसांच्या माणसाला. आखाजीला सुरतेहून, नाशिकहून पोरे घरी येतात आणि बापाला मदत म्हणून भर दुपारी पाणी धरायला जातात. त्यांना पहिले काही दिवस सकाळचेच काम द्या. आखाजीला सालदार नवा लागला असेल तर त्यालाही तसेच.

ऊसतोड मजूर, बैल आणि आपण

हंगाम लांबून मार्च-एप्रिलमध्ये तोडणी चालू राहिली की सगळ्यांत कठीण काम कोणाचे, हे सांगायला नको. पिंपळनेर, दहिवेलच्या पश्चिम पट्ट्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत बारडोलीकडे जातात, आणि आपल्या फडात दुसरीकडून टोळ्या येतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, पोर कोपीत. कोपीवर पाचट असले तर बरे, प्लास्टिकचा कागद असला तर आत भट्टी. फड आपला आहे तर त्या फडातल्या माणसाच्या पिण्याच्या पाण्याची जबाबदारीही आपली आहे, असे मी स्पष्ट लिहितो. टोळीचा करार मुकादमाशी आहे, हे उत्तर पुरेसे नाही. फडाच्या कडेला झाडाखाली भरलेली टाकी किंवा ओल्या गोणपाटात दोन रांजण, आणि दुपारी बारा ते चार कोयता बंद. पहाटे चारला उजेड करून तोडणी सुरू केली तर अकरापर्यंत तेवढीच खेप भरते. तोडणी चिठ्ठी देताना गट कर्मचाऱ्यांनीही हे वेळापत्रक धरावे. गव्हाणीला ऊस कमी पडेल ही भीती मला समजते, मी त्याच खात्यात काम करतो. पण उन्हात तोडून फडात पडलेला ऊस तरी कुठे फायद्याचा आहे? उन्हाळ्यात तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही झपाट्याने उतरतात, तो २४ तासांच्या आत गाळला जायला हवा. रात्री-पहाटे तोडून सकाळी वजनकाट्यावर आलेला ऊस सभासदाच्याही हिताचा आणि कारखान्याच्याही.

बैलांच्या बाबतीत तर नियमच आहे. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत असे लिहिले आहे की पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपू नये. बैलासाठी हे साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. माणसासाठी आपण आपल्या फडापुरते तरी ठरवून घ्यायला कोणाची हरकत असणार?

उष्माघात कसा ओळखावा? चक्कर, मळमळ, पोटऱ्यांना गोळे, डोके दुखणे, भरपूर घाम अशी सुरुवात होते. त्या वेळी सावलीत निजवून पाणी दिले, अंग पुसले तर माणूस तासाभरात सावरतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, ओळखेना, अंग तापलेले लागले, फिट आली किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात. कातडी कोरडी असेलच असे नाही, कष्टाच्या कामात घाम चालू असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी एक मिनिट घालवू नये. १०८ ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करून सगळ्या अंगावर पाणी ओतत राहावे, पंख्याने किंवा गोणपाटाने वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला आणि जांघेत ठेवावा. आधी गार करणे, मग दवाखान्याकडे पळवणे. जीपमध्ये कोंबून पिंपळनेरपर्यंत तापलेलाच नेला तर वाटेतच हानी होते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनळीत जाते. आणि कांदा फोडून हुंगवणे यात वेळ घालवू नये. कांदा खिशात ठेवा, खा, त्याला ना नाही, पण तो उष्माघाताचे औषध नव्हे.

उसाला काय होते

ऊस उन्हाचे पीक आहे हे खरे, पण मर्यादेत. साधारण २८ ते ३२ अंशांत त्याची वाढ जोमाने होते. ३८ च्या वर गेले की पान दिवसा जे अन्न तयार करते त्यातले बरेचसे श्वसनातच खर्चून जाते, पाने गुंडाळतात आणि वाढ थांबते. सुरू लागण या वेळी फुटव्यात असते. फुटवा मेला तर तो पावसाळ्यात भरून येत नाही, ऊसच कमी भरतो. उन्हाळ्यातले हे नुकसान गळिताला दिसते, आणि मग बियाण्याला दोष दिला जातो. को ८६०३२ असो की फुले २६५, पाण्याचा ताण सहन करण्यात फरक असला तरी पाण्यावाचून कोणतीच जात येत नाही.

ऐन उन्हाळ्यात जमीन व पीक मिळून रोज साधारण आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरा. एक एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. म्हणजे रोजचे बत्तीस हजार लिटर एका एकराचे. म्हणून पाळी आठ ते दहा दिवसांवर ठेवायची शिफारस आहे, भारी काळ्या जमिनीत थोडी लांबेल, मुरमाड जमिनीत अलीकडे येईल. मालनगाव, लाटीपाडा, जामखेलीच्या पाण्यावर असलेल्यांना पाळी आपल्या हातात नसते, विहिरीवाल्यांच्या विहिरी एप्रिलमध्येच तळ दाखवतात. अशा वेळी सगळ्या उसाला अर्धपोटी ठेवण्यापेक्षा एक आड एक सरी भिजवावी, पुढच्या पाळीला राहिलेली सरी. आणि खोडव्यातले पाचट जाळू नये. हे मी दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी रात्री डोंगराकडून पाहिले तर खाली वावरे पेटलेली दिसतात. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट ही जमिनीवरची फुकटची गोधडी आहे. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकून पाणी द्यावे. गोधडीखालची ओल टिकते, तण येत नाही, आणि पाळीत दोन-चार दिवसांची सवड मिळते.

ताण फारच पडला तर दोन टक्के युरिया व दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे शंभर लिटर पाण्यात प्रत्येकी दोन किलो, मिसळून पंधरा-वीस दिवसांनी फवारावे. पोटॅशमुळे पानाची छिद्रे आवरून राहतात. बाष्प अडवायला केओलिनची सहा ते आठ टक्क्यांची फवारणीही आहे. दोन्ही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. कोरड्या उन्हात खोडकिडा वाढतो. मधला पोंगा वाळलेला आणि ओढला की सहज निघणारा दिसला तर बाळबांधणी करून पाणी द्यावे, ट्रायकोकार्ड लावावीत.

रात्रीच्या विजेवर पाणी देणे उसाला चांगले, माणसाला मात्र जपून. दिवसभर उन्हात काम आणि रात्री पाणी, असे एकाच माणसाने सलग करू नये. शरीराला गार व्हायला रात्रच मिळते. हवामान खाते "रात्री उष्ण" असा इशारा देते तो याचसाठी.

वळीव, गारपीट आणि वीज

एवढे ऊन तापले की वळीव येणारच असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे. नुसत्या उन्हाने पाऊस पडत नाही. खाली तापलेली हवा वर चढते, पण तिला अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून ओलावा मिळाला, आणि वर उंचावर थंड कोरडी हवा असली, तरच ढग कोबीसारखा वर वर फुगत जातो. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात जात असेल तर हे जुळून येते. म्हणून दुपारी तीन ते रात्री नऊ ही वेळ धोक्याची. ढगातून पाऊस पडू लागला की गार झालेली जड हवा खाली आदळून चहूबाजूंनी पसरते, तेच आपले वावधन. पाऊस पोचायच्या आधी धूळ, पत्रे आणि फांद्या येतात. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यात पारस येथे अशाच वादळात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर जुने कडुनिंबाचे झाड पडले आणि आडोशाला थांबलेली सात माणसे दगावली. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून सतरा जण गेले, तेही वळवाच्याच वाऱ्याने. पाऊस आला की आपण जवळचा आडोसा धरतो, पण आडोसा कोणता हे पाहिले पाहिजे.

आखाजीचे झोके आपल्या लेकीबाळी कडुनिंबाला बांधतात. बांधाव्यातच. मात्र पश्चिमेला काळे आले, गडगड ऐकू आली, की झोका सोडून पोरींनी घरात यावे, हे आजीने सांगून ठेवावे. गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तेवढ्यात आला तर घरात जा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच कांदा झाकायला पळणाराच सापडतो.

विजेचे आकडे लोकांना माहीत नाहीत म्हणून देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली, उष्माघाताने ७३०. उष्माघाताची बरीच नोंद होत नाही हे धरले तरी वीज ही किरकोळ गोष्ट नव्हे. मरणारे बहुतेक शेतात असतात.

पक्के घर किंवा बंद टपाची गाडी एवढ्या दोनच जागा सुरक्षित. झाडाखाली नाही, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही, ट्रॅक्टरवर नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही. मोटारीच्या स्टार्टरला आणि लोखंडी पाइपला हात लावू नये, वीज दूर पडली तरी तारेतून व पाइपातून येते. काहीच नसेल तर सखल जागी, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि टोळीने एकत्र न बसता अंतर ठेवावे. पाय जुळवण्याचे कारण असे की वीज जमिनीतून पसरते आणि दोन पायांत अंतर असले तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. झाडाखाली बांधलेल्या गुरांचे चार पाय लांब लांब असतात, म्हणून एकाच विजेत चार-पाच जनावरे जातात. दावणीची जागा झाडापासून लांब करा. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहावी, असे माणूस परत आलेले आहेत.

मागे एक सभासद म्हणाले, "छडवेल, ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत, वीज तिकडेच पडेल." पवनचक्कीवर वीज पडते हे बरोबर, पण तिचे संरक्षण तिच्या पायथ्याच्या आसपासपुरते. मैलभर लांबच्या वावरातल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे मोबाइलवरचे साधन आहे, ते जवळपास वीज पडत असल्याचे कळवते. घरातल्या शिकलेल्या पोराकडून ते घालून घ्यावे. मोबाइलमुळे वीज ओढली जाते ही समजूत खरी नाही.

वळवाचा पाऊस पाण्याच्या पाळीत धरायचा का, हेही विचारतात. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चाळीस हजार लिटर, दीड दिवसाचेही पाणी नाही. त्यावर पाळी पुढे ढकलू नये. पंचवीस मिलिमीटर पडला तर लाखभर लिटर होते, तीन दिवस ढकलता येते. आपल्या महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा पाहावा, शेजारच्या गावाचा नव्हे. वळीव एका शिवारात नाला भरतो आणि दुसऱ्यात धूळही बसवत नाही. गारांनी पाने फाटली तर सुरू ऊस उपटून टाकायची घाई नको. कोंब जमिनीजवळ असतो, पाणी व थोडे नत्र दिले की पंधरवड्यात नवे पान येते. जुलैत लावलेला आडसाली मात्र मेमध्ये उंच असतो, वाऱ्याने लोळतो. त्याची मोठी बांधणी नीट झालेली असावी आणि कडेच्या ओळी एकमेकींना बांधून घ्याव्यात.

वाऱ्यात लोंबकळत्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते आणि उभा ऊस पेटतो. सैल तारेची तक्रार वीज कंपनीकडे तोंडी न करता लेखी करावी, पोच घ्यावी. तारेखालच्या पट्ट्यातले वाळलेले पाचट काढून ठेवावे. जळालेला ऊस असेल तर त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे, म्हणजे तोडणीचा क्रम बदलून तो आधी उचलता येईल.

वीज पडून माणूस किंवा जनावर गेले तर तलाठ्याला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्यावा. शवविच्छेदनाचा दाखला नसेल तर मदत अडते. जनावराचेही पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. दुःखाच्या वेळी हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने पुढे व्हावे. वीज पडून मृत्यू झाल्यास शासनाकडून वारसाला चार लाख रुपये मिळतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख आहेत. दोन्हीचे अर्ज तालुक्याला, एक महसुलाकडे आणि दुसरा कृषी खात्याकडे. अर्ज भरायला अडचण आली तर गट कार्यालयातला कर्मचारी भरून देईल. सातबारा, वारसांची नावे आणि पंचनाम्याची नक्कल सोबत आणावी.